‘आज काहीच नाही’ हीसुद्धा नोंदच

मार्च सरू लागला की हिमाचल प्रदेशातील पौंग जलाशयावरचे पट्टकादंब परतीच्या वाटेला लागतात. बियास नदीवरील या धरणाच्या पाण्यावर हिवाळा काढून ते हिमालयापलीकडे जातात. अंगावर उपकरणे बसवून माग काढलेल्या काही पट्टकादंबांनी ७,००० मीटरहून अधिक उंची गाठल्याची नोंद आहे.

या दिवसांत चार दिवसांसाठी तेथे गेलेल्या दोन मित्रांचे उदाहरण घ्यावे. एकाच्या खांद्यावर लांब भिंगाचा कॅमेरा, दुसऱ्याच्या हाती दुर्बीण आणि वही. तीन दिवस दोघेही तृप्त असतात. चौथ्या पहाटे मात्र थवे निघून गेलेले असतात. काठाशी वारकरी, मोजकी तलवार बदके आणि टिटव्या तेवढ्या उरलेल्या. ‘आज काहीच नाही,’ असे म्हणून पहिला सामान आवरतो. दुसरा दोन तास मोजत बसतो आणि दिसलेला प्रत्येक पक्षी लिहून काढतो. त्याच्या यादीत पट्टकादंब नसतो.

विज्ञानाच्या दृष्टीने ही यादी आदल्या तीन दिवसांइतकीच मोलाची आहे. थवे केव्हा गेले, हे ‘होते’ आणि ‘नव्हते’ या दोन नोंदींमधील अंतरावरूनच कळते. दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना हिवाळ्यातील संख्या सांगते. प्रस्थानाची तारीख ती सांगू शकत नाही. ऋतुमान बदलत असताना स्थलांतराचे वेळापत्रक सरकते आहे काय, हा प्रश्न आज कळीचा आहे. त्याच्या उत्तरासाठी २००७ साली ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमाने सामान्य निरीक्षकांनाच साद घातली होती.

पण निरीक्षकांचा कल दुसरीकडेच झुकतो आहे. एखादा चुकार परदेशी पक्षी दिसला की गाड्यांची रांग लागते, छायाचित्रांचा पूर येतो आणि त्याची बातमी होते. त्याच पाण्यावरील बदके मोजण्याची तसदी कोणी घेत नाही. छंद म्हणून यात गैर काही नाही. कॅमेऱ्याने हजारो तरुणांना रानात आणले आणि अवघड ओळखींना पुरावा दिला, हेही मान्य करावे लागेल. आक्षेप आहे तो या शिकारीच्या हौसेला विज्ञानसेवा म्हणवण्यावर.

कारण विज्ञानाचा कारभार साध्या यादीवर चालतो. ओळखता आलेले सर्व पक्षी नोंदवले काय, असा प्रश्न ‘ई-बर्ड’ प्रत्येक यादीसोबत विचारते. उत्तर ‘होय’ असेल, तरच यादीत नसलेला पक्षी त्या वेळी आढळला नाही, असे मानता येते. अशा शंभर याद्यांपैकी कितींमध्ये एखादी प्रजाती आहे, हे वर्षानुवर्षे ताडून तिची वाढ वा घट ठरते. केवळ दुर्मीळ पक्षी नोंदवणारी यादी या हिशेबात निरुपयोगी ठरते.

२०२३ च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालामागे ३०,००० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदी आहेत. त्यात ९४२ प्रजातींचा आढावा घेतला गेला. दीर्घकालीन कल ठरवता आला तो मात्र केवळ ३३८ प्रजातींचा. त्यांपैकी ६० टक्के घटल्या आहेत. उरलेल्या सहाशेंविषयी पुरेशी माहितीच हाती नाही. घटणाऱ्यांत तलवार बदक आहे, तारांवर बसलेला सर्वांनी पाहिलेला नीलपंखही आहे. ज्यांच्याकडे कोणी कॅमेरा वळवत नाही, तेच नजरेआड ओसरत आहेत.

म्हणून वसंतातील सहलीला निघणाऱ्यांकडून एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे. छायाचित्रे जरूर काढावीत; पण रोज पंधरा मिनिटे थांबून साळुंकी, कावळ्यासह सर्व पक्षी मोजावेत, थवे गेल्यानंतरच्या सकाळीही मोजावेत, आणि ती यादी त्याच दिवशी नोंदवावी. विज्ञानवार्ता देणाऱ्यांनीही नवलाच्या पक्ष्याला जागा देताना त्याच पाणवठ्यावर तलवार बदके यंदा किती होती, हे विचारावे.