दहापैकी दहा द्या, साहेब!

परवाच्या शनिवारी बाईक सर्व्हिसिंग करून आणली. रविवारी सकाळी खाली येऊन बघतो तर पार्किंगच्या फरशीवर पुरीएवढा डाग! मधासारखं पिवळसर, म्हणजे आदल्या दिवशीच भरलेलं नवं कोरं ऑइल.

फोन केला. "साहेब, भरताना सांडलं असेल, दोन दिवसांत बंद होईल." बरं म्हटलं. इंजिन पुसून कोरडं केलं, तासभर फिरून आलो. ड्रेन नटाच्या टोकावर ताजा थेंब लटकत होता, आणि मागच्या टायरच्या कडेला तेलाचा हात फिरलेला. ते बघून पोटात गोळा आला. आदल्याच संध्याकाळी आईला मागे बसवून चांदणी चौकाच्या उतारावरून आलो होतो. इंजिनखालचं तेल वाऱ्याने मागच्या चाकावर जातं, आणि वळणावर गाडी कलली की टायर नेमका त्याच कडेवर चालतो. बाकी सांगायला नको.

परत गेलो. पोऱ्याने पान्याला पाइप लावला आणि अंगातला सगळा जोर काढून नट आवळला. "आता नाही गळणार." दोन दिवसांनी पुन्हा थेंब.

मग मीच उघडलं. काय निघालं? जुना वॉशर! दोन्ही बाजूंनी चेपलेला, चरे पडलेला. हा तांब्याचा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा वॉशर चेपला जातो म्हणूनच फट बुजते. एकदा चेपला की त्याचं काम संपलं. दर वेळी नवा टाकायचा असतो, किंमत दोन कटिंग चहांची. आवळायचं किती तेही पुस्तकात छापलेलं असतं. माझ्या गाडीला २४ न्यूटन-मीटर, म्हणजे २० सेंटिमीटरच्या पान्यावर साधारण १२ किलोचा जोर. पाइप लावून चौपट जोर दिला तर अ‍ॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे जातात, आणि दोन चहांचं काम हजारांत जातं. माझे आटे वाचले ते नशिबाने. नवा वॉशर टाकला, मापात आवळलं, ऑइलची लेव्हल बघितली. तेव्हापासून फरशी कोरडी.

आता मुद्दा. पोऱ्या आळशी आहे असं मी म्हणणार नाही. त्याला कोणी टॉर्क रेंच हातात दिलाय? दिवसाला इतक्या गाड्या उरकायच्या, वॉशर स्टोअरमधून मागवायला सही लागते, आणि जॉब कार्डावर 'ऑइल चेंज' समोर टिक केली की झालं. टेस्ट न करता बग 'क्लोज्ड' करणाऱ्या मॅनेजरला आपण ऑफिसात शिव्या घालतो ना? हा तोच इसम, फक्त इथे त्याच्या बगवर तुमची आई बसलेली असते.

आणि आपण? पिझ्झा गार आला तर भांडतो, पण गाडीचं पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतून कधी बाहेर काढत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीबद्दल तक्रार करता येते, हे कोणाच्या गावी नसतं. निदान एवढं तरी करा: नवा वॉशर जॉब कार्डावर लिहून घ्या, जुना हातात मागा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीखाली वाकून बघा.

काल फीडबॅकचा फोन आला. मी म्हटलं, "दहापैकी दोन." पलीकडे शांतता. मग हळू आवाजात, "सर, दहा द्या ना, नाहीतर त्या पोराचे पैसे कापतील."

वॉशरचे पैसे वाचवणाऱ्याचे नाही, पोराचे! म्हणून दोन कायम ठेवले, आणि कारणासकट ईमेल थेट कंपनीला पाठवलं: पोराला नवा वॉशर आणि टॉर्क रेंच द्या, मग मार्क मागा.

उत्तर अजून आलेलं नाही. असो. तुम्ही मात्र आज खाली जाऊन फरशी बघा.