सत्त्वावजयात कल्पनेचे स्थान

काम, शोक, भय इत्यादींनी उद्भवलेला उन्माद परस्परविरोधी भावांनी शमवावा, असे चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सांगितले आहे. तरीही भयग्रस्त रुग्णास आम्ही ‘काळजी करू नका’ म्हणतो आणि ब्राह्मी लिहून देतो! जोसेफ वोल्पे यांनी १९५८ च्या आपल्या ग्रंथात नेमका क्रम मांडला. कुत्र्यास भिणाऱ्याने आधी शरीर शिथिल करावे. मग कल्पनेने दूर बांधलेला कुत्रा डोळ्यांसमोर आणावा, भय ओसरल्यावर जवळचा, शेवटी मोकळा. तत्त्व आमच्याकडेही होते. असा पायरीपायरीचा विधी मात्र नव्हता, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. तो रीतसर शिकून सत्त्वावजयात योजावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. नसलेले आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णास मात्र प्रथम मनोविकारतज्ज्ञांकडेच पाठवावे.