लातूरला पाणी पोचले, आता घराघरांतल्या नळाचे बघा

११ एप्रिल २०१६ रोजी मिरज जंक्शनमधून पाण्याची पहिली गाडी लातूरकडे निघाली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी धावू लागली. या वाघिणी कोटा येथील रेल्वे कारखान्यात वाफेने धुऊन आणल्या होत्या. दुष्काळात तहानलेल्या शहरासाठी रेल्वे, महसूल खाते आणि पालिका एकदिलाने राबली, याचा मिरजेला वाटणारा अभिमान रास्तच आहे. पण संकटात दाखवलेली ही निकड रोजच्या नळाच्या वाट्याला येत नाही. २०१४ च्या अखेरीस याच मिरजेत गॅस्ट्रोची साथ आली, माणसे दगावली. नदी उशाशी होती. कमी पडले ते शुद्ध पाणी.

अशुद्ध पाण्याचा पहिला फटका मुलांना बसतो. जुलाब लागलेल्या तान्ह्या बाळाला काही तासांतच शोष पडू शकतो. त्यावरचा घरगुती उपाय अगदी स्वस्त: एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पण ते लिटरभर पाणीच दूषित असेल तर आईने करायचे काय? वारंवार जुलाब होणाऱ्या मुलाच्या अंगी अन्न लागत नाही, वाढ खुंटते. अंगणवाडीतला आहार मग वाया जातो, आजाऱ्याजवळ बसलेल्या आईचा रोज बुडतो, थोरलीची शाळा चुकते. म्हणूनच पाणी, आहार आणि शिक्षण यांचा हिशेब वेगवेगळ्या खात्यांत मांडणे मला चुकीचे वाटते.

सर्वांना शुद्ध पाणी द्या म्हटले की, पाणीपट्टी थकते, फुकटची किंमत राहत नाही, असा आक्षेप घेतला जातो. पट्टी जरूर वसूल करावी. मात्र ज्याच्या नळाला गढूळ पाणी येते, तो गरीब माणूस पाण्याच्या जारचे आणि दवाखान्याचे पैसे आजही मोजतोच. फुकट त्याला काहीच मिळत नाही. दुसरा युक्तिवाद असा की, २०१९ पासून जलजीवन मिशनमध्ये खेड्यांत माणशी रोज ५५ लिटरचे उद्दिष्ट ठरले आहे, शहरांसाठीही योजना आहेत. उद्दिष्ट चांगलेच आहे. पण नळजोडण्या मोजल्याने पाणी शुद्ध होत नाही.

सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने प्रत्येक प्रभागातल्या पाणी तपासणीचा निकाल दर आठवड्याला शाळा-अंगणवाड्यांच्या फलकावर लावावा. जिथे मुलांना जुलाब जास्त, तिथली जलवाहिनी आधी बदलावी.