नागाचा पहिला घास

श्रावण लागला की कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात घरोघरी नागपंचमीची लगबग सुरू होते. पाटावर गंधाने नाग रेखला जातो, त्याला लाह्या-दूर्वा वाहिल्या जातात. त्या दिवशी चिरणे-तळणे वर्ज्य असते, चुलीवर तवा चढत नाही, शेतात नांगर चालत नाही आणि ताटात पुरणाची दिंडे येतात. भूमीच्या पोटात राहणाऱ्या एका जीवाला वर्षातून एक दिवस तरी अभय मिळावे, त्याला भाऊ मानावे, असा या व्रताचा आशय आहे. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळ्याने याच्याही पुढचे पाऊल टाकले. गोरक्षनाथ भिक्षेसाठी आले असता महाजनांच्या घरची गृहिणी मातीच्या नागाची पूजा करीत होती. ‘जिवंत नाग आला तर पूजशील का?’ या नाथांच्या प्रश्नाला तिने होकार दिला आणि तेव्हापासून येथे जिवंत नागाची पूजा सुरू झाली, अशी आख्यायिका आहे.

ही परंपरा गेल्या दोन दशकांत वादाच्या भोवऱ्यात सापडली. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राणी नुसता पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर नागांच्या स्पर्धा, खेळ व मिरवणुका थांबल्या. २०२२च्या दुरुस्तीने नागाचा समावेश पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत झाला. पुढे जुलै २०२५मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने पारंपरिक ज्ञानाच्या शिक्षणासाठी २७ ते ३१ जुलै या पाच दिवसांत २१ नाग पकडण्यास अनुमती दिली. खेळ नाही, स्पर्धा नाही, व्यापार नाही, आणि नाग सुखरूप निसर्गात परत, अशा तिच्या अटी होत्या. शिराळकरांना दिलासा मिळाला, निसर्गप्रेमींना चिंता वाटली. या वादात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. दारी पाहुणा आला की ‘जेवलात का?’ हे विचारणारा हा समाज आहे. मग घरी आणलेला नाग जेवतो का? आणि जेवत नसेल, तर का नाही?

उत्तर नागाच्या देहरचनेतच आहे. नाग पूर्णपणे मांसाहारी असतो. बेडूक, उंदीर, पाली-सरडे, पक्ष्यांची अंडी, प्रसंगी दुसरा साप हे त्याचे अन्न. भक्ष्य तो चावत नाही, सबंध गिळतो. त्याच्या शरीराची ऊब बाहेरच्या उन्हावर आणि जमिनीवर अवलंबून असते. पुरेशी ऊब नसेल तर गिळलेले अन्न पचत नाही, ते पोटात कुजते किंवा उलटून पडते. म्हणून भय वाटले, जागा बदलली, गारवा लागला की साप आधी अन्नाचा त्याग करतो. पोट जड असलेल्या सापाला पळता येत नाही, हे त्याला उपजतच कळते. कात टाकण्यापूर्वी डोळे दुधाळ झाले की त्या दिवसांतही तो सहसा खात नाही. सुदृढ साप अन्नावाचून कित्येक आठवडे सहज राहतो. पाण्यावाचून मात्र त्याचे हाल होतात.

दुधाचा समजही येथेच उलगडतो. सरपटणाऱ्या कोणत्याही जीवाची माता पिलांना दूध पाजत नाही. त्यामुळे दूध पचविण्याची सोय सापाच्या देहात नाही. मग गारुड्याचा नाग दूध पितो कसा? त्याला अनेक दिवस पाण्यावाचून ठेवलेले असते. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोर येईल ते द्रव पितो, आणि भाविकाला वाटते की नागाने नैवेद्य स्वीकारला. बळेच तोंडात दूध ओतले तर त्याहून वाईट. सापाच्या श्वासनलिकेचे तोंड जबड्याच्या तळाशीच उघडते. तेथून दूध फुप्फुसात शिरले की दाह होतो आणि काही दिवसांनी, पूजा करणाऱ्यांच्या दृष्टीआड, तो जीव तडफडून मरतो. सापाला पापण्या नसतात; उधळलेली हळद आणि कुंकू थेट डोळ्यांवरील पारदर्शक खवल्यावर बसते. ज्याला देव म्हणून हात जोडायचे त्यालाच ही यातना द्यायची, हे कोणत्याही शास्त्राला मान्य होणार नाही.

सर्पोद्याने आणि प्राणिसंग्रहालये सापाला पहिला घास कसा देतात, हे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. पुण्यात नीलिमकुमार खैरे यांनी १९८०मध्ये ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काढून लोकांच्या मनातील भय कमी करण्याचा प्रयत्न केला. पुढे १९८६मध्ये कात्रजचे सर्पोद्यान उभे राहिले. अशा ठिकाणी नवा साप आला की पहिला आठवडाभर त्याला कोणी हात लावत नाही. लपायला अंधारी जागा, एका बाजूस ऊब, दुसऱ्या बाजूस गारवा आणि स्वच्छ पाणी, एवढेच त्याला दिले जाते. मग सांजवेळी, त्याच्या अंगाच्या जाडीहून मोठे नसलेले मृत भक्ष्य कोमट करून ठेवतात आणि माणूस दूर होतो. जिवंत उंदीर सहसा सोडत नाहीत, कारण कोंडलेला उंदीर सापालाच चावतो. खाल्ले नाही तर भक्ष्य उचलायचे आणि आठवड्याने पुन्हा ठेवायचे. खाल्ले तर निदान दोन दिवस त्याला हलवायचे नाही. बळेच भरविणे हा पशुवैद्याचा शेवटचा उपाय असतो. या साऱ्या रीतीचे सार एकच, ते म्हणजे धीर. साप माणसाच्या आग्रहाने जेवत नाही. माणूस दूर झाल्यावर जेवतो.

हाच निकष शहरी हौसेलाही लावला पाहिजे. साताऱ्यात असो वा सांगलीत, भारतीय साप घरात पाळणे हा गुन्हाच आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या बाबतीत किमान तीन वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. त्यावर पळवाट म्हणून परदेशी अजगर विकत आणणाऱ्यांना २०२४च्या नियमांनुसार त्याची नोंदणी करावी लागते. कागद पूर्ण झाले तरी आफ्रिकेतला तो छोटा अजगर नव्या घरात महिना-महिना अन्नाला शिवत नाही आणि हौस चिंतेत बदलते. ज्याला खोके उघडून दहा वेळा पाहिल्यावाचून राहवत नाही, त्याने साप आणूच नये.

आता शिराळ्याकडे वळू या. पूर्वी पंचमीच्या कित्येक दिवस आधी नाग पकडून मडक्यात ठेवले जात. भयग्रस्त नाग त्या काळात सुखाने जेवेल, ही अपेक्षाच व्यर्थ होती. २०२५च्या अनुमतीतील पाच दिवसांचा हिशेबही हेच सांगतो. पाच दिवसांत नव्या जागी नाग जेवणार नाही, आणि त्याने जेवावे अशी गरजही नाही. त्याला पाणी, अंधार आणि शांतता द्यावी, हाताळणी टाळावी आणि जेथून आणला त्याच बांधावर सोडावे. त्याचा पहिला घास तेथेच, उंदराच्या बिळाशी त्याची वाट पाहत असतो. उसाच्या फडातील उंदीर खाणारा हा शेतकऱ्याचा सोबती आहे. शिराळ्याच्या दुधाची त्याला गरज नाही, शिराळ्याच्या शेताला मात्र त्याची गरज आहे.

येथे शिराळकरांची व्यथाही समजून घेतली पाहिजे. इतरत्र साप दिसताच काठी उगारली जात असताना या गावाने नागाला घरात पाट मांडला. त्यांना क्रूर ठरवून मोकळे होणे अन्यायाचे आहे. इटलीत कोकुलो नावाचे डोंगरातील गाव आहे. तेथे मे महिन्याच्या प्रारंभी संत डोमिनिकच्या मूर्तीवर बिनविषारी साप चढवून मिरवणूक निघते. तेथील सर्पतज्ज्ञांनी उत्सवावर बहिष्कार न टाकता पकडलेल्या सापांची तपासणी आणि नोंद सुरू केली; साप पुन्हा रानात सोडले जातात. नाग विषारी आहे, म्हणून येथे मिरवणुकीचा प्रश्नच उद्भवत नाही. परंतु श्रद्धेला ज्ञानाची जोड देण्याचा तो मार्ग शिराळ्यालाही खुला आहे.

त्या ज्ञानाची गरज थोडीथोडकी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यांतील बहुसंख्य खेड्यांतील होती. नाग ओळखता येणारा, दंश झालेल्याला मांत्रिकाकडे न नेता प्रतिविष असलेल्या रुग्णालयात तातडीने पोहोचविणारा तरुण प्रत्येक वाडीत उभा राहिला, तर गोरक्षनाथांच्या प्रश्नाचे खरे उत्तर दिल्यासारखे होईल. समर्थ रामदासांच्या अकरा मारुतींपैकी एक शिराळ्यात आहे, आणि चाफळ, मसूर, उंब्रज असे बरेचसे साताऱ्याकडे. बळाबरोबर विवेक सांगणाऱ्या त्या परंपरेला हे काम शोभणारे आहे.

नैवेद्य दाखवायचा तो मातीच्या नागाला दाखवावा. त्याने भक्ताचे मन तृप्त होते. जिवंत नागाला त्याचे रान द्यावे. त्याने त्याचे पोट भरते. पाहुण्याला काय रुचते, हे न विचारता ताट वाढणे याला आतिथ्य म्हणत नाहीत.