प्रवेशाच्या फलकावर पगारही लिहायला सांगा

प्रति,
मा. अध्यक्ष,
महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, मुंबई

महोदय,

मी मंठा तालुक्यात उपकेंद्रावर तीसएक वर्षं आरोग्यसेविका होते. आता निवृत्त आहे, पण बारावीचा निकाल लागला की माझ्या ओट्यावर अजून माणसं येतात. पोरीला नर्सिंगला टाकायचंय, कुठं टाकू, एवढंच विचारायला.

परवा असेच एक बापलेक आले. बापाच्या हातात कपाशीच्या बियाण्याची पिशवी, तिच्यात मुलीची गुणपत्रिका, जातीचा दाखला आणि सातबारा. बियाण्याच्या पावतीच्या पाठीमागे त्याने हिशेब मांडला होता: एएनएमची फी वर्षाला साठ हजार, दोन वर्षांचे एक लाख वीस हजार. त्याखाली रेघ मारलेली. “एवढं भागलं की पोरगी नोकरीला लागती, असं म्हणले तिथं,” तो म्हणाला.

मी पेन घेतलं. राहणं-जेवण महिन्याला साडेतीन हजार धरलं तरी चोवीस महिन्यांचे चौऱ्याऐंशी हजार. गणवेश, पुस्तकं, परीक्षेचा फॉर्म, प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयात जाण्या-येण्याचं भाडं हे वेगळंच. आकडा दोन लाखांच्या वर गेला. मुलगी पावतीकडे बघत राहिली, बाप माझ्याकडे.

पैसे कुठून आणणार, म्हणून विचारलं. मुकादम उचल देतोय, म्हणाला. आमच्याकडच्या घरांना उचल नवी नाही. आधी पैसे घ्यायचे आणि नवरा-बायकोने सगळा हंगाम ऊस तोडून ते फेडायचे. उचल फिटली नाही की पुढचा हंगामही त्याच मुकादमाचा. मुलगी कोयत्यातून सुटावी म्हणून आईबाप आणखी दोन हंगाम कोयत्याला बांधून घ्यायला निघालेत. दुसरा रस्ता सावकाराचा. शेकडा तीनने दोन लाख उचलले तर महिन्याला सहा हजार नुसतं व्याज. म्हणजे मुलगी शिकून बाहेर पडेपर्यंत एक लाख चव्वेचाळीस हजार व्याजातच जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहतं.

बँकेचं शैक्षणिक कर्ज यापेक्षा कितीतरी बरं. चार लाखांपर्यंत तारण मागत नाहीत आणि शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. व्याज मात्र त्या काळातही चढत असतं, हे बँकेतल्या बाबूने सांगायला हवं. दोन लाख, दहा टक्के, पाच वर्षं. मधलं व्याज भरत गेलं तरी महिन्याला साधारण सव्वाचार हजारांचा हप्ता बसतो.

आता हा हप्ता कुठल्या पगारातून जायचा? जिल्हा परिषदेत आरोग्यसेविका म्हणून कायम लागली तर मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं, वर महागाई भत्ता. तिथे हप्ता जाणवतही नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींत एएनएमला १८ हजार असतात, पण ती नोकरी कंत्राटी. त्यांच्या समायोजनासाठीचे संप आपण पाहिलेच आहेत. आणि सरकारी भरतीची वाट बघताना मुलगी जाते कुठे, तर खासगी रुग्णालयात. माझी भाची छत्रपती संभाजीनगरला एका छोट्या रुग्णालयात आठ हजारांवर लागली. चौघी मिळून एक खोली, डबा, रिक्षा, आणि महिनाअखेर आईकडूनच पैसे मागायचे. सहा महिन्यांनी सोडायचं म्हणाली, तेव्हा कळलं की तिची मूळ गुणपत्रिका आणि नोंदणीचं प्रमाणपत्र रुग्णालयाच्या कपाटात आहे. ते सोडवून आणायला तिच्या वडिलांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

सर्वोच्च न्यायालयाने २९ जानेवारी २०१६ रोजी केंद्राला खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमायला सांगितलं. पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही महिना किमान वीस हजार द्यावेत, असं त्या समितीने सुचवलं. केरळने २०१८ मध्ये तशी अधिसूचना काढली. पगार ठरवणं आपल्या मंडळाच्या हातात नाही, हे मला कळतं. पण संस्थांना मान्यता देणं आणि परीक्षा घेणं आपल्याकडे आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

माझं मागणं एकच आहे. मान्यता असलेल्या प्रत्येक संस्थेने प्रवेशाच्या खोलीबाहेर मराठीत एक फलक लावावा. त्यावर पूर्ण अभ्यासक्रमाचा पै न पैचा खर्च असावा, नुसती पहिल्या वर्षाची फी नको. मागच्या तीन तुकड्यांतल्या किती मुली पास झाल्या, किती जणींची महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली आणि आज त्या कुठे, किती पगारावर आहेत, तेही लिहावं. संस्थेकडे मुलींचे फोन नंबर असतात. विचारायला दोन दिवस पुरतील. ज्यांना आपल्या मुलींचा पगार सांगता येत नाही, त्यांनी शंभर टक्के नोकरीचे बॅनर लावू नयेत. घेतलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मिळालीच पाहिजे, हे तर सांगायलाही लागू नये.

त्याच फलकावर एएनएम आणि जीएनएममधला फरकही यावा. बारावीनंतर एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं. शासकीय रुग्णालयातल्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतन ३५,४०० पासून सुरू होतं आणि त्या पदाला एएनएम चालत नाही. एका वर्षाचा जास्तीचा खर्च दिसतो, पुढचा दरमहा जवळजवळ दहा हजारांचा फरक कुणी दाखवत नाही. गल्लीबोळातल्या सहा महिन्यांच्या ‘नर्सिंग’ कोर्सवर परिषदेची नोंदणीच होत नाही, हे मुलींना प्रमाणपत्र हातात पडल्यावर समजतं.

जालन्यात २०२४ पासून शंभर जागांचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. रुग्णालय वाढेल तशा परिचारिका लागतील. या मुलींनी हे काम करू नये, असं मी कधी कुणाला सांगितलं नाही. आमच्या वेळी सरकारी केंद्रात विद्यावेतन मिळायचं, त्यातले काही पैसे मी घरी पाठवायचे. रात्री दोनला वस्तीवर बाळंतपण केलेली बाई दहा वर्षांनी बाजारात भेटते आणि लेकराला माझ्या पाया पडायला लावते. ते मला दुसऱ्या कुठल्या कामात मिळालं नसतं. म्हणूनच ही सुरुवात त्यांनी कर्जाच्या दडपणाखाली करू नये, असं मनापासून वाटतं.

त्या बापाने जाताना विचारलं, “सिस्टर, उचल घेऊ का नको?” मी त्याला पुढच्या बाजारच्या दिवशी परत यायला सांगितलंय. तोवर त्या संस्थेत जाऊन सगळा खर्च किती आणि मागच्या वर्षीच्या मुली कुठे आहेत, हे विचारून ये म्हटलं. उत्तर कागदावर लिहून माग, असंही सांगितलं. पावतीची घडी करून त्याने ती पिशवीत ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. मंठा, जि. जालना