चढाच्या अलीकडे

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना ठाऊक आहे, की मोटारीविषयी उपदेश करताना मी सहसा मागेपुढे पाहत नाही. टायरातली हवा, बॅटरीची निगा, पावसाळ्यातले ब्रेक, सगळ्यांवर मी वर्षभर अधिकारवाणीने बोलत असतो. आज मात्र थोडी मान खाली घालून लिहायचे आहे. ‘गियर कधी बदलावा?’ हा मोटार-शाळेतल्या पहिल्या आठवड्याचा प्रश्न. चाळीस वर्षे गाडी हाकल्यावर त्याचे खरे उत्तर मला गेल्या भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी जुन्नर तालुक्यातल्या एका चिखलाच्या चढावर मिळाले, आणि त्या वेळी सौ. आणि आमची सात वर्षांची नात गाडीत होत्या.

झाले असे. जावईबापूंनी नवी जीप घेतली. चारही चाकांना जोर देता येणारी, सहा गियरांची, शिवाय मुख्य दांड्याशेजारी एक आखूड दांडा. ऐन दिवाळीत त्यांना कचेरीच्या कामासाठी परगावी जावे लागले आणि किल्ली आमच्या घरी राहिली. माझे एक स्नेही आंबेगाव तालुक्यात प्राथमिक शाळेवर गुरुजी होते. निवृत्त झाल्यावर ते जुन्नरच्या पश्चिमेला, हातवीजच्या बाजूच्या आपल्या वाडीत राहायला गेले. “भात कापायला आलंय, या एकदा,” असा त्यांचा फोन दरवर्षी येई. या वेळी गाडी होती, सुट्टी होती, आणि खरे सांगायचे तर हौसही होती.

पुण्याहून नारायणगाव, तिथून जुन्नर, मग आपटाळे. इथवर गियर कधी बदलला आणि कधी नाही, याचा हिशेब कुणी ठेवत नाही. इंजिनाचा आवाज चढला की वरचा गियर, कण्हू लागले की खालचा. कान सांगतो, हात करतो. इंगळूणच्या पुढे घाट लागला तिथेही डांबर होते. वळणाआधी दुसरा, वळण संपले की तिसरा, असे करीत आम्ही मजेत वर आलो. नात मागून विचारीत होती, “आजोबा, आता कितवा?” मी बोटे दाखवीत होतो.

वाडीकडे जाणारी वाट मात्र कच्ची. पाचसातशे पावलांचा तांबड्या मातीचा चढ, एका अंगाला भातखाचरे, दुसऱ्या अंगाला हिरड्याची झाडे. दोन दिवसांपूर्वी अवेळी पाऊस होऊन गेला होता. मी खालीच थांबून चढाकडे पाहायला हवे होते. पाहिले नाही. दुसऱ्या गियरमध्ये होतो, तसाच घुसलो. अर्ध्यावर इंजिन कण्हू लागले. कानाने सांगितले, हाताने केले: क्लच दाबला आणि पहिला गियर टाकायला गेलो.

गाडी जागच्या जागी थांबली. पहिला गियर पडायच्या आत ती मागे जायला लागली.

ब्रेक दाबला तर चाके थांबली, पण गाडी थांबेना. चिखलावरून ती चारी चाके आवळून घसरत होती, आणि तीही तिरकी, खाचराच्या बाजूला. सौ.नी नातीला छातीशी घट्ट धरलेले मला आरशात दिसले. त्या एक अक्षरही बोलल्या नाहीत; ओरडल्या असत्या तर बरे वाटले असते. नशिबाने मागचे चाक खाचराच्या बांधाला टेकले आणि गाडी थबकली. बांधापलीकडे पुरुषभर खोल खाचर होते. मी हातब्रेक ओढला, पण हात थरथरत असल्याने तो नीट बसायला दोनदा ओढावा लागला.

वरून एक जुनी कमांडर जीप उतरत होती, वडापची. इकडे आपटाळ्याच्या बाजाराला जाणारी माणसे अशाच जीपमध्ये बसतात. तिचा ड्रायव्हर, पन्नाशीचा, डोक्याला मफलर, उतरून आला. आधी त्याने दोन दगड चाकांखाली सारले, मग सौ.ना आणि नातीला हात देऊन खाली घेतले, आणि मग माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारले, “साहेब, चढाच्या मधी गेर बदलला व्हय?”

मी कबूल केले.

“बैलगाडीला जादा जोडी लावायची, तर घाटाच्या पायथ्याला लावत्यात. निम्म्या घाटात बैल सोडून दुसरं जुपाय गेलं, तर गाडी थांबल का तुमच्यासाठी?”

चाळीस वर्षांत मी वाचलेल्या माहितीपुस्तिकांत ही गोष्ट इतकी स्वच्छ कुठेही मांडलेली नाही.

त्यामागचे गणित मी रात्री मांडून पाहिले, ते वाचकांसाठी देतो. क्लच दाबला म्हणजे इंजिन आणि चाके यांची सोयरीक तेवढ्यापुरती तुटते. डांबरी रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटरने जाताना ती सेकंदभर तुटली तरी बिघडत नाही. गाडी आपल्या वेगाच्या पुण्याईवर दहाअकरा मीटर पुढे जाते. पण माझ्या त्या चढावर वेग होता ताशी आठेक किलोमीटर, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वादोन मीटर. चार फुटांमागे एक फूट असा चढ धरला, तर एवढा वेग खाऊन टाकायला गुरुत्वाकर्षणाला एक सेकंदही लागत नाही. त्यात चिखलाची ओढ वेगळी. माझ्यासारख्याला गियर बदलायला लागतो तोच एक सेकंद. म्हणजे पहिला गियर पडतो तेव्हा गाडी उभी असते, किंवा मागे निघालेली असते.

तेव्हा चढ खालूनच पाहायचा. गाडी उभी करून, उतरून, जमल्यास पायी चालून यायचे. मग सपाटीवर उभे असतानाच पुढची चाके जोडायची आणि तो आखूड दांडा ‘लो’वर घ्यायचा. ‘लो’ म्हणजे त्या ड्रायव्हरची बैलांची जादा जोडी. जुन्या विलीज जीपमध्ये याने चाकांचा जोर सुमारे अडीचपट वाढे आणि वेग तितक्याच पटीने कमी होई. आजच्या जीपमध्येही हिशेब साधारण तसाच आहे. त्यातला पहिला गियर दगडधोंड्यांसाठी, मुंगीच्या पावलाने चढायला. चिखलाला मात्र पहिला नको, कारण तिथे जोर इतका होतो की चाके जागच्या जागी फिरून खड्डा करतात. तिथे दुसरा, कधी तिसराही. एकदा निवडला की माथा येईपर्यंत डावा पाय क्लचपासून दूर. निवड चुकली तर वाटेत सुधारण्याचा हट्ट करायचा नाही. ब्रेक दाबून उभे राहायचे, रिव्हर्स टाकायचा, आणि चाके सरळ ठेवून इंजिनाच्या धाकात जशी आली तशी गाडी मागे न्यायची. चढावर आडवी वळवली तर उलटते.

हे सारे तो ड्रायव्हर कुठे शिकला, असे मी विचारले. त्याच्या वडिलांकडे जुनी विलीज होती. मुंबईत महिंद्रांनी या जीप जोडायला १९४०च्या दशकाच्या अखेरीस सुरुवात केली, आणि पुढे कितीतरी वर्षे खेड्यापाड्यांतून त्याच दिसत. साठ अश्वशक्तीचे इंजिन, अवघे तीन गियर, आणि त्यातला पहिला असा हट्टी की गाडी चालती असताना सहजासहजी पडतच नसे. डबल क्लच मारण्याची कला असली तरच, नाहीतर दात खाण्याचा करकराट. पहिला हवा तर थांबून टाका! अशा गाडीवर शिकलेल्या माणसाला पायथ्याशीच ठरवण्याची सवय आपोआप लागे. आमच्या जावयांच्या जीपमध्ये कुठलाही गियर लोण्यातून सुरी जावी तसा पडतो. सोय झाली हे खरे, पण ती सवय गेली, आणि चढ काही कमी झालेले नाहीत.

ड्रायव्हरने गाडी स्वतः वर नेली नाही. “तुम्हीच न्या, मी बाजूनं चालतो,” म्हणाला. गाडी सरळ मागे घेऊन पायथ्याशी आणली, ‘लो’ टाकला, दुसरा गियर घेतला. अर्ध्यावर इंजिन पुन्हा कण्हले आणि माझा डावा पाय आपोआप उचलला गेला. “पाय!” तो ओरडला. मी पाय खाली ठेवला. इंजिन कण्हतच राहिले आणि कण्हतच गाडी वर गेली. सौ. आणि नात मागून चालत आल्या.

गुरुजींच्या घरी तांदळाची भाकरी, हरभऱ्याची भाजी, अंगणात भाताचे भारे. बोलता बोलता विषय पावसाचा निघाला. ते शिकवीत होते ती शाळा डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला. माळीण गाव तिथून दूर नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी त्या गावावर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. गुरुजींच्या ओळखीची त्यात किती, हे मी विचारले नाही. ते एवढेच म्हणाले, की त्या दिवसांत या मातीवर माणसाचा पायसुद्धा टिकत नाही, तिथे चाकांचे काय. आषाढ-श्रावणात धबधबे पाहायला या डोंगरांत नव्या कोऱ्या जीप घेऊन शिरणाऱ्या हौशी मंडळींना मी मुद्दाम सांगतो: दरडी सुटत असतील तेव्हा योग्य गियर एकच, न्यूट्रल, आणि तोही घरच्या अंगणात.

सकाळी निघायची वेळ झाली. सौ.नी नातीचा हात धरला आणि म्हणाल्या, “तुम्ही गाडी खाली न्या. आम्ही दोघी चालत येतो.”

“अगं, आता कळलंय मला.”

“कळलंय ना? मग खाली भेटू.”

यावर काय बोलणार? ज्या गियरने चढ चढवतो त्याच गियरने तो उतरवायचा, हे ड्रायव्हरने बजावले होते. उलट शंका आली तर एक पायरी खालचाच. मी ‘लो’चा पहिला घेतला, दोन्ही पाय जवळजवळ उचलून धरले, आणि गाडी इंजिनाच्या लगामाला लटकत पावलापावलाने उतरली. उतारावर क्लच दाबला की तो लगाम सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. चिखलात नुसता ब्रेक काय करतो ते मी आदल्या दिवशी पाहिलेच होते. दोघी बांधावरून चालत होत्या. नात हात हलवीत होती. सौ. चाकांकडे पाहत होत्या.

खाली डांबराच्या अलीकडे एक ओढा आहे. आदल्या दिवशी तो टीचभर होता, रात्री वर पाऊस झाला असावा, आता गुडघ्याच्या थोडा खाली होता. पायी ओलांडावा असा तो नव्हता. मी काठी घेऊन आधी स्वतः पाण्यातून जाऊन आलो, तळ दगडी आणि पक्का आहे असे पाहिले. दोघी गाडीत बसल्या. ‘लो’, दुसरा. पाण्यात क्लच दाबू नये, कारण त्याच्या चकत्या एकमेकींपासून सुटतात आणि फटीत पाणी शिरले तर त्या घसरू लागतात. आणि वेग असा, की पुढे एक लहानशी लाट चालत राहावी; जोरात घुसले तर पाणी इंजिनात. मधोमध एका दगडावर चाक चढले, गाडी कलली, इंजिन कण्हले. मागे कोणी बोलले नाही. माझा डावा पाय जागचा हलला नाही. पलीकडच्या काठावर चाके लागली तेव्हा मला कळले, की मी श्वास धरून बसलो होतो.

डांबर लागल्यावर थांबून पुढची चाके सोडवली. हे विसरू नये, कारण कोरड्या सडकेवरच्या वळणात पुढची चाके मागच्यांहून जास्त अंतर चालतात, आणि ती मागच्यांना जखडलेली असली तर टायर आणि गियरपेटी दोन्ही कुरकुरतात.

इंगळूण गेले. घाटाच्या उतारावर मी मुद्दाम वळणाआधीच खालचा गियर घेत होतो. आपटाळे जवळ येईपर्यंत सौ. काही बोलल्या नाहीत. मग एका वळणाच्या बऱ्याच अलीकडे त्यांनी पुढे वाकून विचारले,

“आता कितवा?”

मी दोन बोटे दाखवली.