वसुलीचे गाव, पाहण्याचे गाव

आंबेगाव तालुक्यातील पेठ या गावी पुणे-नाशिक रस्त्यालगत तीन पिढ्या भुसार मालाचे दुकान चालविणाऱ्या एका व्यापाऱ्याने आजवर जुन्नरच्या शेकडो खेपा केल्या असतील. अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. सकाळी दुकान धाकट्या भावाच्या स्वाधीन करून निघायचे, नारायणगावी एस.टी. बदलायची, जुन्नरच्या बाजारात चार दुकानांच्या पायऱ्या चढायच्या, उधारीचे पैसे मोजून घ्यायचे आणि सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचून पानावर बसायचे, असा त्यांचा चाळीस वर्षांचा परिपाठ. जुन्नर कसे आहे असे कोणी विचारले असते, तर तेथील कोणता दुकानदार चोख आणि कोणता टोलवाटोलवी करणारा, हे त्यांनी तोंडपाठ सांगितले असते. शाळेच्या सहलीनंतर शिवनेरीचा दरवाजा त्यांनी पाहिला नव्हता. मानमोडीच्या डोंगराकडे तर पाऊलही वळले नव्हते. डोंगरावर कोणाकडे उधारी नव्हती.

दोन वर्षांपूर्वी हेच गृहस्थ सपत्नीक अमेरिकेस जाऊन आले. मुलगी-जावई आयोवा राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी डब्यूक नावाच्या गावी राहतात. वस्ती साठ हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणापेक्षा थोडी अधिक. शिकागो नाही, न्यूयॉर्क नाही. शेठजींना आरंभी वाईटच वाटले. एवढा विमानखर्च करून मुलीने दाखवायचे काय, तर एक नदी आणि विटांच्या जुन्या इमारती! पण तिथल्या लोकांनी त्या एवढ्याशा गावाचे जे काही केले आहे, ते पाहून व्यापारी बुद्धी जागी झाली.

डब्यूकमध्ये टेकडीवर चढणारा एक लहानसा लोहमार्ग आहे. त्याचा इतिहास शेठजींनी परत आल्यावर निदान पन्नास जणांना ऐकविला असेल. जे. के. ग्रेव्ह्ज नावाचा एक बँकर टेकडीच्या माथ्यावर राहत असे आणि त्याची बँक पायथ्याशी होती. दुपारच्या जेवणाची सुट्टी दीड तासाची. घोडागाडीने वळसा घालून घरी जाण्यास अर्धा तास आणि परतण्यास अर्धा तास. जेवण झाले की वामकुक्षीस वेळ उरेना. म्हणून त्याने १८८२ मध्ये केवळ स्वतःसाठी टेकडीच्या उतारावर दोराने ओढला जाणारा डबा बसविला. १८८४ मध्ये तो जळाला. पुन्हा उभारला तेव्हा शेजारी म्हणू लागले, आम्हांलाही बसू द्या. ग्रेव्ह्जने प्रत्येकी पाच सेंट भाडे लावले. १८९३ मध्ये पुन्हा आग लागली, तेव्हा त्याच शेजाऱ्यांपैकी दहा जणांनी एकत्र येऊन कंपनी काढली. तो मार्ग २९६ फूट लांबीचा असून आजही चालतो. वर पोहोचल्यावर एका नजरेत तीन राज्ये दिसतात. दुपारच्या झोपेतून निघालेला हा धंदा! शेठजी हे सांगताना दरवेळी हसत.

त्याच गावातील कारखाने १९८० च्या दशकात मंदावले, हजारो हातांचे काम गेले. पुढे नदीकाठच्या जुन्या औद्योगिक जागेवर मिसिसिपीचे मोठे संग्रहालय आणि मत्स्यालय २००३ मध्ये उघडले. गावाने नदीकडे फिरविलेली पाठ पुन्हा वळविली आणि पाहुणे येऊ लागले.

या हिवाळ्यात मुलगी दोन मुलांना घेऊन माहेरी आली. पहिल्याच आठवड्यात अकरा वर्षांच्या नातवाने विचारले, "नानाजी, आम्ही तुम्हांला आमचे गाव दाखविले. तुमच्या गावाजवळ पाहण्यासारखे काय आहे?"

"इथे काय असणार बाळा? दुकान आहे," शेठजी उत्तरले.

तेही फार दिवस राहणार नव्हते. पुणे-नाशिक रस्ता रुंद झाला. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव येथे बाह्यवळणे झाली. वाहने वेगाने जाऊ लागली आणि वाटेत थांबून माल घेणारे गिऱ्हाईक कमी झाले. मुलगा पुण्यात नोकरीस. दुकानाच्या जागेला गिऱ्हाईक आले होते आणि पुढच्या सोमवारी इसार घेण्याचे जवळजवळ ठरले होते. घरात कोणी त्याविषयी मोठ्याने बोलत नव्हते. मुलीने मात्र एका संध्याकाळी म्हटले, "पप्पा, रविवारी गाडी काढू. जुन्नर पाहू. वसुली नको, नुसते पाहू."

पहाटे निघाले. डब्यात मेथीचे ठेपले, कोरडी चटणी आणि उकळून गार केलेले पाणी. कळंबजवळ घोड नदी ओलांडली, नारायणगावी मीना आणि जुन्नरला कुकडी. या तीन नद्या आपल्या ओळखीच्या. परंतु आपण त्यांना पूल म्हणूनच ओळखतो. डिंभे, वडज, माणिकडोह, पिंपळगाव जोगे आणि येडगाव या पाच धरणांचा कुकडी प्रकल्प या खोऱ्यांतील पाण्यावर उभा आहे. नारायणगावच्या बाजारातील टोमॅटो, मंचरचा कांदा-बटाटा आणि पर्यायाने आपल्या दुकानांचा गल्ला त्याच पाण्यावर चालतो.

शिवनेरीचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. छत्रपती शिवाजी महाराजांचा १६३० मधील जन्म ज्या गडावर झाला, तो गड महाराष्ट्रातील प्रत्येक घराने पाहावा, एवढेच. सात दरवाजे चढताना सत्तरीच्या शेठजींना दम लागला. पण वर पोहोचल्यावर त्यांनी खाली पसरलेले गाव पाहिले, आणि आपण ज्या गल्ल्यांत आयुष्यभर हिंडलो, त्यांचा आकार आपल्याला ठाऊक नव्हता, असे पत्नीजवळ बोलून दाखविले. त्या गल्ल्यांत एक कल्याण पेठ आहे. वसुलीच्या दिवसांत त्यांनी त्या नावाचा अर्थ शुभ एवढाच लावला होता. पश्चिमेकडे नाणेघाट उतरून गेल्यावर प्राचीन कल्याण बंदर लागते, हे गडावरून मुलीने बोट दाखवून सांगितले, तेव्हा ते काही वेळ त्या दिशेने पाहत राहिले.

जुन्नर हे नाव जीर्णनगरावरून आले असे मानले जाते. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांत उतरलेला माल नाणेघाटाने वर येऊन जुन्नरमार्गे पैठणकडे जाई. घाटाच्या माथ्यावर दगडाचा एक प्रचंड रांजण आहे. तो जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता असे परंपरा सांगते. तेथील लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध ब्राह्मी लेख आहे. यज्ञप्रसंगी दिलेल्या गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापणे यांची त्यात मोजदाद असून, आकड्यांच्या प्राचीन चिन्हांसाठी तो लेख अभ्यासकांना विशेष मोलाचा वाटतो. जमाखर्च लिहिणाऱ्या समाजाने तो लेख एकदा तरी पाहावा. राजाचा पराक्रम सांगणारे शिलालेख पुष्कळ आहेत, पण आकडे टाकून लिहिलेले थोडे.

शेठजींना खरे अडवून धरले ते लेण्यांनी. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास लेणी आहेत. इतकी एका गावाभोवती अन्यत्र क्वचितच आढळतील. बहुतेक बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली. ती कोणी खोदविली, हे शिलालेखांत आहे, आणि दानकर्त्यांत राजांपेक्षा व्यापारी, कारागीर आणि सामान्य गृहस्थ अधिक दिसतात. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान केल्याचा लेख येथे आहे. बांबूकाम करणारे आणि कांस्यकार यांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेवल्याचा लेखही आहे. इरिल, चिट, चंद अशा नावांचे यवन, म्हणजे ग्रीक वंशाचे वा पश्चिमेकडून आलेले लोक, त्यांनीही टाकी आणि भोजनमंडप दिले. क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा ४६ व्या वर्षाचा लेख मानमोडीच्या डोंगरावर आहे.

धान्याचे व्यापारी हा शब्द वाचून दाखविताच शेठजी थांबले. "म्हणजे भुसारवाले?" त्यांनी विचारले.

"भुसारवालेच, पप्पा."

श्रेणीकडे रक्कम ठेवणे म्हणजे काय, याचा पुरा खुलासा याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नाशिकच्या लेण्यांत, मिळतो. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापणे गुंतविली. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा खर्च भागवायचा. हा व्यवहार निगमसभेत ऐकविला गेला आणि फलकावर नोंदविला गेला, असेही लेख सांगतो. वर्षाला बारा टक्के आणि नऊ टक्के! आजच्या कोणत्याही बँकेच्या अधिकाऱ्यास हे वाचून मान डोलवावी लागेल. दोन हजार वर्षांपूर्वी विणकरांची पत एवढी होती की राजाचा जावई त्यांच्याकडे कायमची ठेव ठेवीत असे. आपल्या कित्येक धर्मादाय निधींची रचना याहून वेगळी नाही.

मानमोडीच्याच अंबा-अंबिका गटात, मूळ बौद्ध लेण्यात, पुढील काळात जैन मूर्ती कोरल्या गेल्या. अंबिका ही भगवान नेमिनाथांची यक्षी. घरातील वडीलधाऱ्या बाईंनी तेथे हात जोडले. इतकी वर्षे आपण एवढ्या जवळ असून दर्शन घडले नाही, याची त्यांना चुटपुट लागली. येथे कड्यांवर मधमाश्यांची पोळी असतात. मोठ्याने ओरडू नये, धूर करू नये. त्यांना त्रास नको आणि आपल्यालाही. लेण्याद्रीस जाणाऱ्यांची संख्या गिरिजात्मजामुळे मोठी आहे, वर चढण्यास तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. मानमोडी आणि तुळजा लेण्यांकडे मात्र शुकशुकाट. ज्यांना शांतपणे पाहायचे आहे त्यांनी हिवाळ्यातील एखादा साधा वार निवडावा.

दुपारी गावात शिरून शेठजींनी नातवाला आपली जुनी दुकाने दाखविली. चारांपैकी दोन बंद होती. एकेकाळी जुन्नर हातकागदासाठी प्रसिद्ध होते. कागदी लोकांची वस्ती येथे होती आणि जुन्नरी कागद दूरवर जात असे. पुढे गिरणीचा कागद आला. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे चढली, आणि त्या दोन घाटांच्या मधला नाणेघाट मालाच्या दृष्टीने ओस पडला. मालाने वाट बदलली की गाव काय करणार? जुन्नर मागे पडले, पण उठून गेले नाही. १४९० मध्ये ज्या मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली, त्याचे ठाणे येथेच होते. नंतर राजधानी अहमदनगरला गेली; तेव्हाही जुन्नर राहिलेच. गावाबाहेर एक भव्य घुमट आहे, त्याला सौदागर घुमट म्हणतात. आत कोण चिरनिद्रा घेतो आहे ते कोणास सांगता येत नाही, परंतु लोकांनी नाव ठेवले ते व्यापाऱ्याचे.

२०१८ मध्ये राज्य शासनाने जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा दिला. कागदावर ते चांगलेच आहे. पण डब्यूक पाहून आलेल्या डोळ्यांना उणिवाही दिसल्या. नदीकाठी घटकाभर बसावे अशी नीट जागा त्यांना सापडली नाही. दोन हजार वर्षांपूर्वीच्या भुसारवाल्यांनी दिलेल्या लेण्याची माहिती बाजारपेठेतील एकाही दुकानाच्या पाटीवर नाही. हे काम शासनाचेच आहे असे म्हणून आपण मोकळे होतो. ग्रेव्ह्जच्या दहा शेजाऱ्यांनी कंपनी काढली तेव्हा शासनाची वाट पाहिली नव्हती.

परतताना सूर्य कलू लागला म्हणून नारायणगावच्या पुढे एका शेताच्या बांधावर गाडी थांबवून उरलेले ठेपले खाल्ले. नातवाने वहीत दिवसभराचे टिपण केले होते. त्यात त्याने शेवटी लिहिले होते की नानाजींचा धंदा दोन हजार वर्षांचा आहे. शेठजींनी ते वाचले. त्यांनी चूक दुरुस्त केली नाही.

घरी पोहोचल्यावर त्यांनी दुकानाचे कुलूप उघडले, दिवा लावला आणि बराच वेळ जुन्या वह्या चाळीत बसले. एक वही त्यांनी नातवाला दिली. १९६२ सालची, वडिलांच्या हातची, पहिल्याच पानावर जुन्नरच्या चार खातेदारांची नावे असलेली. मध्यस्थाला निरोप गेला की सोमवारी येऊ नका. गुरुवारी यावे, की यावेच असे नाही, हे निरोपात नव्हते. मुलगी पुढल्या आठवड्यात डब्यूकला परतली. दुकान अद्याप सकाळी नऊला उघडते.